सूप संपेपर्यंत

पूर्णिमाला काही दिवस एकटं राहायचं होतं, एवढंच. पण ते बेळगावच्या वडगावात जमण्यासारखं नव्हतं, म्हणून तिला युरोपला जावं लागलं.

वडगावातल्या त्यांच्या घरात पुढच्या खोलीत दोन यंत्रमाग सकाळपासून खडखडायचे. मागांचा आवाज मोठा म्हणून मधल्या खोलीत मनुआत्याचा टीव्ही मोठा, आणि टीव्ही मोठा म्हणून घरातली माणसं मोठ्यानं बोलायची. पूर्णिमा उद्यमबागेतल्या एका कारखान्यात कॉम्प्युटरवर पंपांची ड्रॉइंग काढायची. वय तेहतीस. धाकट्या भावाचं, शिवराजचं लग्न कधीच झालं होतं. त्यामुळं घरात येणारा पाहुणा आधी पाणी मागायचा आणि पाणी पिऊन झालं की विचारायचा, "हिचं काय?"

आप्पांचा, म्हणजे तिच्या वडिलांचा, विषय वेगळा होता. मल्लाप्पा वडगावात दोन गोष्टींसाठी माहीत होते. एक त्यांच्या मागावरची साडी आणि दुसरा सीमाप्रश्न. "आमी कुठं गेलो न्हाय, रेघ आमच्या अंगावर आली," हे वाक्य त्यांनी दुधवाल्यापासून पुढाऱ्यापर्यंत सगळ्यांना ऐकवलं होतं. दर एक नोव्हेंबरला, कर्नाटक दिनाच्या निषेधाचा काळा शर्ट घालून, ते सायकल फेरीत जायचे. लहानपणी पूर्णिमा त्यांच्या कॅरिअरवर बसून जायची. कळती झाल्यापासून मात्र नेमका त्याच दिवशी तिला कारखान्यात ओव्हरटाइम लागायला लागला.

पाठीवर पिशवी टाकून एकटी जाणार, हॉस्टेलात नाहीतर तिथल्याच कुणाच्या तरी घरी राहणार, हे कळल्यावर मनुआत्यानं टीव्ही बंद केला. तसं त्या घरात सहसा होत नसे.

"लोकांच्या घरात राह्यची? ओळखीची हायत ती?"

"न्हाईत, आत्या."

"मग ती कशापायी ठेवून घेत्यात?"

वेबसाइटवर याचं उत्तर 'संस्कृतींची देवाणघेवाण' असं दिलं होतं. ते आत्याला सांगण्यात अर्थ नव्हता. पूर्णिमा म्हणाली, "त्यांस्नी माणसं आवडत्यात."

"मग त्यांस्नीच हिकडं यू दे की. हितं काय माणसांचा तुटवडा हाय?"

आप्पांनी फक्त एकच विचारलं. "तिकडं कुणी कुठली म्हणून इचारलं तर काय सांगशील?"

"इंडियाची म्हणून."

 चांगला विणलेला काठ शेवटाला चुकावा, तसा आप्पांचा चेहरा झाला.

व्हिएन्नाच्या हॉस्टेलात एका खोलीत आठ बिछाने होते आणि आठही जण कानात काहीतरी घालून पडलेले असायचे. पूर्णिमाला स्वर्ग सापडला. कुठं चाललीस, कधी येणार, कुणी विचारत नव्हतं. कुठली म्हणून विचारलंच तर ती "गोव्याजवळची" म्हणायची. समोरचा "ओ, गोवा!" म्हणून खूश व्हायचा आणि विषय तिथंच संपायचा. आप्पांना सत्तर वर्षांत न सापडलेला तोडगा तिला असा चालता चालता सापडला होता.

तिला सर्दी झाली. दिवसभर ती पांघरुणात पडून राहिली. सातही जण तिच्या बिछान्याला वळसा घालून, तिच्या खासगीपणाचा पूर्ण मान राखून ये-जा करत राहिले. संध्याकाळी तिनं चिवड्याचा डबा उघडून शेजारच्या मुलीपुढं धरला. ती मुलगी, "यात शेंगदाणे आहेत?" असं विचारून दोन पावलं मागं सरली. आपण सकाळपासून कुणीतरी "जेवलीस का?" म्हणून विचारायची वाट बघतोय, हे पूर्णिमाच्या ध्यानात आलं आणि तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

पुढचा मुक्काम डॅन्यूबच्या काठावरच्या एका लहान गावात, एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरी होता. देश स्लोव्हाकिया. वेबसाइटवर त्यांनी लिहिलं होतं, "शांत घर. आम्ही पाहुण्यांना मोकळं सोडतो."

स्टेशनावर दोघंही घ्यायला आले होते. बाईंचं नाव इलोना. "नेनी म्हण," त्या म्हणाल्या. नेनी म्हणजे तिकडची मावशी. नवरा बेला. त्यांनी जन्मभर नदीवरच्या मालवाहू बोटींची इंजिनं सांभाळली होती, त्यामुळं त्यांचं इंग्रजी मोडकं होतं पण आवाज मोठा होता. नेनीनं पूर्णिमाच्या कपाळाला हात लावून ताप बघितला. घरी पोचेपर्यंत तिला तिचं वय, पगार आणि लग्न अजून का नाही, हे तिन्ही विचारून झालं होतं. दुपारपर्यंत शेजारच्या दोन बायका भारतातली मुलगी बघायला येऊन गेल्या.

जेवायला तांबड्या रश्शातली कोंबडी होती. "जपून," नेनी म्हणाली, "आमचा पाप्रिका तिखट असतो." संकेश्वरी मिरचीवर वाढलेल्या जिभेला तो रस्सा बासुंदीसारखा लागला. पण नेनी इतक्या काळजीनं बघत होती, की पूर्णिमानं दोन वेळा हाशहुश केलं आणि पाणी प्याली.

टेबलाशी त्यांचा मुलगा आणि सून झुझानाही होते. सगळे पूर्णिमासाठी इंग्रजीत बोलायची धडपड करत होते.

"भारतात कुठं?" बेलांनी विचारलं.

"गोव्याजवळ."

"जवळ म्हणजे कुठं? गाव कुठलं?" हा माणूस जन्मभर बोटींवर नकाशे बघत आलेला होता. त्यानं मोबाइलवर नकाशाच काढला. "बेलगाम? हे तर कर्नाटक. म्हणजे तुमची भाषा कन्नड."

"नाही. घरात मराठी."

"मराठी कुठली भाषा?"

"शेजारच्या राज्यातली." आणि मग एवढं बोललोच आहोत तर पूर्ण करावं म्हणून तिनं पुढं जोडलं, "आमचे लोक म्हणतात, आम्ही जागचे हललो नाही, रेघ हलली."

बेलांनी चमचा खाली ठेवला.

"इलोना," ते बायकोला म्हणाले, "ही आपल्यातली आहे."

ते घर हंगेरियन बोलणारं होतं. बेलांच्या आजोबांच्या काळात पहिल्या महायुद्धानंतर सरहद्द सरकली, गाव नव्या देशात गेलं, आणि हंगेरी नदीच्या पलीकडं राहिली. हे सगळं बेला उभं राहून, हातवारे करत सांगत होते. पूर्णिमाला पुढचं प्रत्येक वाक्य आधीच पाठ होतं. पाट्या, शाळा, सरकारी कचेरीतला कारकून, पलीकडच्यांना आमची आठवण फक्त निवडणुकीत होते. भाषा तेवढी वेगळी, बाकी आप्पाच समोर उभे होते. साडेसहा हजार किलोमीटर येऊन ती स्वतःच्याच मधल्या खोलीत बसली होती.

दुसऱ्या दिवशी गावातल्या हंगेरियन मंडळाची सभा होती. स्टेशनावरची पाटी दोन्ही भाषांत हवी, हा विषय. "तू नुसती बस," बेला म्हणाले. ती बसली, पहिल्या रांगेत. थोड्या वेळानं बेलांनी तिच्या जाकिटाला हंगेरीच्या झेंड्याची तिरंगी फीत टोचली. आणखी थोड्या वेळानं ती व्यासपीठावर होती.

"दोनच शब्द बोल."

पूर्णिमा इंग्रजीत म्हणाली, "बोलावल्याबद्दल आभार. आमच्याकडंही पाट्यांवरून वाद होतात. आपलं जेवण फार छान होतं."

बेलांनी याचं हंगेरियन भाषांतर केलं. ते बराच वेळ चाललं. मधेच त्यांनी मूठ वर केली. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले आणि एक म्हातारी डोळे पुसत येऊन पूर्णिमाच्या हाताचा मुका घेऊन गेली. आपण काय बोललो, हे पूर्णिमाला त्या दिवशी कळलं नाही. कुणीतरी फोटो काढला.

घरी परतल्यावर सगळी मंडळी टेबलाभोवती जमली. गप्पा रंगल्या, ग्लास भरले गेले. पूर्णिमा उठून स्वयंपाकघरात आली, तर झुझाना एकटी ताटल्या धूत होती. पूर्णिमानं फडकं घेतलं.

"छान बोललीस म्हणे," झुझाना म्हणाली. "काय बोललीस?"

"मलाही माहीत नाही."

झुझाना एवढी हसली की तिच्या हातातली ताटली पाण्यात पडली. मग म्हणाली, "मी स्लोव्हाक आहे. उत्तरेकडची, डोंगरातली. लग्न करून इथं आले."

"मग इथं तुझ्याशी..."

"चांगले आहेत सगळे. मी जेवायला बसले की माझ्यासाठी स्लोव्हाक बोलतात. सूप संपेपर्यंत. मटण येईपर्यंत विसरतात." बाहेर हसण्याचा लोट उठला. झुझानानं तिकडं मान वळवली. "आता कशाला हसले, कोण जाणे. मी विचारलं की सांगतील, काही नाही, असंच."

"आमच्या घरात मात्र..." पूर्णिमानं सुरुवात केली आणि वाक्य अर्ध्यावरच सोडलं.

आमच्या घरात अंजनी होती. शिवराजची बायको. जात एक, धंदा एक, म्हणून रबकवीकडची मुलगी करून आणली होती. तिची भाषा कन्नड. ती आली तेव्हा महिनाभर सगळ्यांनी तिच्याशी मोडकं कन्नड बोलून घेतलं होतं आणि त्यावर पोट धरून हसलेही होते. मग तिला मराठी येऊ लागली आणि प्रश्न मिटला. निदान घरच्यांचा तरी. आप्पा 'आपल्या भाषेवर अन्याय' म्हणून तावातावानं बोलत असायचे, तेव्हा त्यांच्यापुढं चहा कोण ठेवत होतं? हे पूर्णिमाला डॅन्यूबच्या काठी, दुसऱ्याच्या ताटल्या पुसताना आठवलं. तिनं ताटली जरा जास्तच वेळ पुसली.

"तुमच्या घरात काय?" झुझानानं विचारलं.

"आमच्या घरात सूप नसतं," पूर्णिमा म्हणाली.

निघताना नेनीनं तिला जामच्या दोन बाटल्या आणि लवकर लग्न करायचा सल्ला दिला. पुढं बुडापेस्टच्या हॉस्टेलात पुन्हा आठ बिछाने होते, पण एकांत काही पहिल्यासारखा लागला नाही.

ती वडगावात परतली तेव्हा चौकात दोन फ्लेक्स होते. दोन्हींवर तीच होती, तिरंगी फीत लावलेली, तोंड अर्धवट उघडं. भगव्या फ्लेक्सवर लिहिलं होतं, 'सीमाभागाचा आवाज सातासमुद्रापार! कु. पूर्णिमा मल्लाप्पा यांचे हार्दिक अभिनंदन'. तांबड्या-पिवळ्या फ्लेक्सवर कन्नडमध्ये, 'कन्नडनाडिन हेम्मेय मगळु', म्हणजे कन्नड भूमीची अभिमानाची लेक.

बेलांनी गावच्या साप्ताहिकातलं कात्रण तिला मोबाइलवर पाठवलं होतं. तिनं ते न वाचताच घरच्या ग्रुपवर टाकलं होतं. तिथून ते गावभर गेलं.

प्रिंटिंगवाला सूरज दुकानाच्या दारात उभा होता. "आक्का, फोटो एकच हुता," तो म्हणाला. "दोघांस्नी बी त्योच दिला. रंग तेवढा बदललोय."

घरात आप्पा आणि शेजारचा नागेंद्र यांची जुंपली होती. नागेंद्र कन्नड युवक संघटनेत होता आणि तिच्या सत्कारासाठी कुंद्याच्या मिठाईचा डबा घेऊन आला होता.

"पेपरात स्वच्छ लिवलंय, आप्पा. मोबाइलवर भाषांतर करून बघितलो. 'कर्नाटकातून आलेल्या लढाऊ प्रतिनिधी.' कर्नाटक!"

"लढाऊ कशासाठी लिवलंय? मराठीसाठी! ती माझी पोरगी हाय रं!"

"पोरगी तुमचीच. राज्य तेवढं आमचं."

"आप्पा, मी तिथं काय बोल्लोच न्हाय," पूर्णिमा म्हणाली. "जेवण चांगलं हुतं म्हणलो, एवढंच."

आप्पांनी तिच्याकडं अभिमानानं बघितलं. "न बोलता एवढं झालं. बोललीस तर काय हुईल!"

मनुआत्यानं कुंद्याचा डबा दोघांच्या मधून काढून घेतला, आणि तेवढ्यापुरता वाद मिटला.

पूर्णिमा स्वयंपाकघरात आली. अंजनी खाली बसून मेथी निवडत होती. पूर्णिमा तिच्यासमोर बसली, एक जुडी पुढ्यात ओढली आणि विमानात मनात घोळवलेलं वाक्य तिनं एकदाचं म्हटलं, "अंजनी, नीवु ऊट माडिदिरा?"

अंजनीचा हात थांबला. "काय झालं, आक्का? माझं काय चुकलं काय?"

"चुकलं न्हाय गं. जेवलीस का म्हणून इचारलो."

"ते कळलं. पण कन्नडमधनं का? मला वाटलं सरकारी आपिसातनं कोण आलंय." अंजनीला हसू आवरेना. "तसं टीव्हीवर बातम्या सांगणाऱ्या बोलत्यात. आमच्याकडं 'ऊटा आतेन' म्हणत्यात."

"मग शिकव की. तुझ्यासारखं बोल. मी ऐकतो."

अंजनीनं आधी दाराकडं बघितलं. मग ती बोलू लागली. सुरुवातीला एकेक शब्द टाकत, मग भरभर, मग इतक्या वेगात की पूर्णिमाला निम्मंही कळेना. आईचं नाव आलं, विहिरीचं काहीतरी आलं, एका लग्नातली फजिती आली. ही मुलगी विनोदी आहे, लई विनोदी आहे, हे पूर्णिमाला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळत होतं. नक्कल करताना अंजनीचा आवाज बदलायचा, भुवया वर जायच्या. तिच्या मराठीत यातलं काहीच कधी आलं नव्हतं. विनोद कळायच्या आधीच पूर्णिमा हसत होती, आणि ते बघून अंजनी आणखी हसत होती.

"काय चाललंय गं तिथं?" बाहेरून मनुआत्या ओरडली. "एवढं काय हसायलाय?"

अंजनीनं पटकन पदर सावरला, मेथीची काडी मोडली आणि स्वच्छ मराठीत उत्तर दिलं, "काय न्हाय, आत्या. भाजी निवडायलोय."