एका वायरीवर दोघं

पत्र आलं तेव्हा हळूकाकांनी ते दोनदा वाचलं, घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवलं आणि उद्या सावकाश उत्तर लिहू, असं ठरवलं. तो उद्या काही उजाडेना. झाडांची पानगळ होऊन गेली, नवी पालवीही आली, पण उत्तर गेलं नाही. रोज डबी उघडली की पत्र बोटांना लागायचं आणि दाराशी पाहुणे अन् घरात पसारा असल्यावर होतो, तसा काकांचा चेहरा व्हायचा.

पत्र टॅब बनवणाऱ्या एका कारखान्यातून आलं होतं. टॅबचे कोपरे कसे असावेत, बटण कुठे असावं, हे ठरवणारी तिथली रचनाकार मुलगी एकदा वाचनालयात काकांच्या खोलीत येऊन अख्खी दुपार गप्प बसून गेली होती. तिने लिहिलं होतं : "काका, आमच्या नव्या टॅबमधून हेडफोनचं भोक काढून टाकायचं घाटतंय. भोक गेलं की टॅब पातळ होतो, पाणी आणि धूळ आत जात नाही, बॅटरीला जागा मिळते. सगळे म्हणतात, आता वायर वापरतं कोण? मला तुमची खोली आठवली. तुमचं मत कळवा, मी ते बैठकीत वाचून दाखवीन."

त्या शेवटच्या वाक्यानेच घात केला. आपलं मत आणि तेही बैठकीत! चहा की कॉफी विचारलं तरी "तुम्हाला जे सोपं पडेल ते" म्हणणारा माणूस. त्याने टॅबचं नशीब ठरवायचं म्हणजे फारच झालं.

काका वाचनालयातली ऐकण्याची खोली सांभाळायचे. ज्यांना डोळ्यांनी वाचवत नाही, ते तिथे येऊन टॅबवर पुस्तकं ऐकत. कोणी खुर्ची ओढली की काका दोन्ही हात हवेत धरून "हळू, हळू" म्हणत. त्यावरून त्यांचं नाव पडलं आणि खरं नाव मागे पडलं.

दुपारी त्या खोलीत पाऊल टाकलं की पाण्याखाली उतरल्यासारखं वाटे. पडद्यांतून हिरवट उजेड झिरपायचा. माणसं डोळे मिटून बसलेली असायची. प्रत्येकाच्या कानातून एक काळी वायर निघून समोरच्या टॅबमध्ये शिरलेली. जणू होड्या काठाला बांधून ठेवल्यात आणि माणसं मात्र केव्हाच दूर निघून गेलीत. मधेच कोणाच्या ओठांवर हसू यायचं, कोणाची भुवई चढायची, कोणाच्या गालावरून पाणी ओघळायचं. काय घडलं ते शेजारच्याला कळत नसे. काका चवड्यांवर चालत त्यांच्यामधून फिरायचे आणि कोण कुठवर पोचलं असेल याचा अंदाज बांधायचे.

या खोलीसाठी भोक हवं, असं एका ओळीत लिहून मोकळं होता आलं असतं. पण काकांच्या मनात एक चोर होता. त्यांना ते भोक खोलीसाठी हवं होतं की स्वतःसाठी?

घरी ते आणि ताई, दोघंच. ताई मोठी. तिची नजर अधू झाली तेव्हापासून रोज संध्याकाळी दोघं कोचावर शेजारी शेजारी बसत आणि एकच पुस्तक ऐकत. इअरफोनचं एक टोक तिच्या डाव्या कानात, दुसरं यांच्या उजव्या कानात. वायर एकच, तीही आखूड, त्यामुळे दोघांची डोकी जवळ जवळ असायची. ताईची मान जराशी कलली की यांच्या कानाला ओढ बसायची. झोप लागली वाटतं, असं म्हणून काका हलकेच वायर ओढून तिला जागं करायचे आणि तिचं काही सुटू नये म्हणून पुस्तक थोडं मागे घ्यायचे. हे असं किती वर्षं चाललं होतं कोण जाणे. बोलणं दोघांनाही फारसं जमायचं नाही. ती वायर होती म्हणून त्यांचं बरं चाललं होतं.

भोक गेलं तर संध्याकाळ जाईल, ही काकांची भीती. आणि आपल्या घरची भीती खोलीच्या नावाने लिहून पाठवायची, याची लाज.

अशात एक दिवस कारखान्यातून खोकं आलं. वर चिठ्ठी : "काका, उत्तर नाही म्हणून वस्तूच पाठवते. भोक नसलेले टॅब आणि बिनवायरचे इअरफोन. वापरून बघा. महिनाअखेर टॅबचा साचा ओतायला जाईल, मग माझ्याही हातात काही राहणार नाही."

दुसऱ्या दिवशी काकांनी सगळ्यांच्या कानांत ते पांढरे दाणे बसवले. थोडा वेळ बरा गेला. मग रोज ऐकायला येणारे शिंपीबुवा डोळे उघडून इकडेतिकडे बघू लागले.

"काका, हे पुस्तक कोणी लिहिलंय हो?"

"का? काय झालं?"

"एका कानात जहाज बुडतंय, दुसऱ्या कानात कोबीची लागवड चाललीय. कप्तान ओरडतोय, आणि ही बाई म्हणतेय, दोन रोपांत हातभर अंतर ठेवा."

दाणे सगळे सारखे. कोणाचा डावा कोणाच्या उजव्याबरोबर गेला, कळायला मार्ग नव्हता. काका घाबरेघुबरे होऊन टेबलांखाली रांगत जोड्या लावू लागले.

"असू द्या हो," शिंपीबुवा म्हणाले, "बुडाले त्यांच्यावर निदान कोबी तरी उगवेल."

खोली खो खो हसली. तिथे असं कधी कोणी हसलं नव्हतं. काकांचे हात सवयीने वर गेले, पण "हळू" काही तोंडातून फुटेना.

"यावरून ठरलंच मग," ते पुटपुटले. "वायरच बरी."

"ठरलं कसं?" निवृत्त न्यायाधीशबाई म्हणाल्या. "माझं ऐकून घेतलंत? माझा हात थरथरतो. तुमची वायर रोज माझ्या चहाच्या कपात बुडते. आज पहिल्यांदा चहा चहासारखा लागला."

"कानामागून आली आणि तिखट झाली," शिंपीबुवा दाणा बोटांत धरून म्हणाले. "पण बाईंचं खरं आहे. मलाही मधे उठून पाय मोकळे करता आले. फक्त याचं चार्जिंग संपलं की पुस्तक मुकं होणार, आणि हा पडला की माझ्या नजरेला काही सापडायचा नाही."

म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. काकांनी एक टॅब आणि दाण्यांची एक जोडी पिशवीत टाकली आणि ते घरी आले.

ताईने दाणा हातात घेऊन चाचपला. "एवढासा? आणि वायर?"

"वायर नाही. हा तुला, हा मला."

पुस्तक सुरू झालं. एका दीपगृहाची गोष्ट होती. वाचणाऱ्या बाईचा आवाज संथ, पुराचं पाणी ओसरताना येतो तसा. ताई थोडा वेळ नेहमीच्या जागी बसली. मग तिने मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. कुठे काही ओढलं गेलं नाही. ती उठली.

"कुठे निघालीस?"

"कुठे नाही. बघते जरा."

भिंतीला हात लावत ती स्वयंपाकघरात गेली. तिथे भांडं वाजलं. तिथून आतल्या खोलीत, कपाटाचं दार करकरलं. आणि मग गोष्टीत दीपगृहाचा म्हातारा आपलीच टोपी शोधू लागला, जी डोक्यावरच होती, तेव्हा काका हसले आणि नेमकं त्याच क्षणी भिंतीपलीकडून ताईचं हसू आलं. घरात दोन जागी एकच समुद्र भरला होता. ती आत फिरत होती, हे बसल्या जागी ऐकत होते, आणि म्हातारा दोघांच्याही कानात जिना चढायला निघाला होता. काकांनी डोळे मिटले. खिडकीतला उजेड निळा होत गेला. बसल्या बसल्या तेही जिना चढू लागले, पायरी पायरी, आणि वर दिवा फिरतच होता.

प्रकरण संपलं तेव्हा खोलीत अंधारलं होतं. घरात काही वाजत नव्हतं.

"ताई?"

ती मागच्या गॅलरीत कठड्याला धरून उभी होती. वाऱ्याने केस विस्कटलेले, चेहरा कान देऊन ऐकणाऱ्याचा.

"म्हातारा वर पोचला गं," काका म्हणाले. "दिवा लावला त्याने."

"पोचला? तो तर पहिल्या पायरीवर आहे."

"काय?"

"पायरीवर पाय ठेवला आणि आवाज थांबला. मला वाटलं, वाचणारी बाई विचारात पडली. म्हटलं, पडू दे. थांबले मी."

गॅलरी टॅबपासून फार लांब होती. तिथे आवाज पोचत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा काका पुस्तकात तिच्या पुढे निघून गेले होते आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

"चुकलं माझं," काका म्हणाले. "वायर असती तर असं झालंच नसतं. तुझा डोळा लागला तरी मला कळायचं."

"काय कळायचं?"

"तुझी मान कलायची ना. मग मी वायर ओढायचो, थोडं मागे घ्यायचो."

ताई कठड्यावर हात आपटून हसायला लागली. हसता हसता तिने पदराने डोळे पुसले.

"बाळ्या, बाळ्या! मी कधी झोपत नव्हते रे. ऐकायला मान कलती केली की बरं वाटतं मला. तू ओढायचास आणि आलं पुन्हा तेच सगळं. तुझ्या कृपेने एकूण एक पुस्तक मी दीड दीड वेळा ऐकलंय."

"मग बोलली का नाहीस?"

"तू इतका हळूच ओढायचास की बोलवेना. आणि दुसऱ्या खेपेला मी गोष्ट ऐकायचेच नाही. तू कुठे हसतोस ते ऐकायचे. बरोबर त्याच जागी हसायचास. गाढव कुठला."

खाली रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. काकांनी बराच वेळ धरून ठेवलेला प्रश्न विचारला.

"तुला मोकळं वाटलं ना आज? फिरलीस. ही बिनवायरचीच बरी, असं कळवून टाकू का?"

"कोणाला कळवणार?"

मग पत्राचं सगळं बाहेर आलं. ताई ऐकत गेली तसा तिचा आवाज चढला.

"पालवी फुटली तरी उत्तर नाही? पोरीने विश्वासाने विचारलं आणि तू ते पत्र डबीत कोंडून ठेवलंस?"

"मला कळत नव्हतं गं, ते खोलीचं मत आहे की माझं."

"तुझं असलं म्हणून काय ते मत बाद झालं? बस आणि लिही. मला सकाळी फिरायला बिनवायरचे हवेत, हे लिही. आणि संध्याकाळी वायर हवी, हेही लिही."

"दोन्ही कसं लिहिणार? लोक म्हणतील, यांचं काही ठरत नाही."

"नाहीच ठरत. तुझं कधी ठरलंय? तेच लिही."

काकांनी दिवा लावला. पहिला कागद फाडला, कारण त्यात "माझ्या अल्पमतीप्रमाणे" तीनदा आलं होतं. दुसरा ताईनेच फाडायला लावला. तिसऱ्यावर लिहिलं :

"भोक ठेवा. बिनवायरचे वाईट नाहीत. आमच्या एका बाईंचा हात थरथरतो, त्यांना तेच हवेत. माझ्या बहिणीला सकाळी तेच हवेत. पण संध्याकाळी आम्ही दोघं एका वायरीवर बसतो. वायरीमुळे मला तिचं सगळं कळतं असा माझा समज होता, तो आज खोटा ठरला. तरीही मला ती हवी आहे. हे कारण बैठकीत टिकणार नाही, पण माझ्याकडे दुसरं नाही. टॅब थोडा जाड झाला तर होऊ द्या. आम्हीही झालो आहोत. उत्तराला उशीर झाला, त्याचं कारण भीती."

ताईने ते काकांकडून मोठ्याने वाचून घेतलं. "भीती राहू दे," ती म्हणाली. "खरं आहे ते."

सकाळी दोघं टपालपेटीपर्यंत चालत गेली. ताईने काकांचं कोपर धरलं होतं. काकांनी पाकीट फटीत अर्धं सरकवलं आणि तसंच धरून ठेवलं.

"टाकलंस?"

"टाकतोय."

"टाकतोय म्हणजे?"

"'दोघं बसतो' हे जरा जास्तच घरगुती वाटतंय का गं? 'आम्ही ऐकतो' असं..."

ताईने चाचपत त्यांचा हात शोधला, हातावरून बोटं, बोटांवरून पाकिटाची कड, आणि तळव्याने एक धक्का दिला. आत कागद पडल्याचा बारीकसा आवाज झाला.

काका फटीत डोकावून बघत राहिले. आत नुसता अंधार होता.

"तिकीट लावलं होतंस ना रे?" ताईने विचारलं.

"लावलं होतं," काका म्हणाले. "दोन लावली होती."