टपालानं आलेली वही

दार उघडताच बाईंनी चप्पलही न काढता पिशवीतला कागद मुलीच्या आईपुढे धरला.

"मिळाली परवानगी! घरी शिकणाऱ्या मुलांना आता परीक्षेला बसता येणार. कुठाय ती? तिला मलाच सांगायचंय."

या एका कागदासाठी बाईंनी अकरा वर्षं शिक्षण खात्याचे उंबरठे झिजवले होते. अंथरुणाला खिळलेल्या मुलांना टपालानं धडे पाठवायचे, वह्या मागवून तपासायच्या, ही पद्धत त्यांचीच. 'घरी बसून कोणी शिकतं का?' असं एका साहेबानं विचारलं, तेव्हा 'तुम्ही बोलायला कुठे शिकलात?' असं विचारून त्यांनी त्याला गप्प केलं होतं. त्यांची पहिली विद्यार्थिनी याच घरातली. तेव्हा पाच वर्षांची होती.

आईनं कागद घेतला नाही.

"ती गेली, बाई. चार महिने झाले."

बाई खुर्चीवर बसल्या.

"पण परवाच तिची वही आली. भूमितीची."

"मी लिहिली." आई टेबलावरची नसलेली धूळ पुसत राहिली. "हे म्हणायचे, बाईंना कळवून टाक. मी पत्र लिहायला बसायचे आणि गणितच सोडवत राहायचे. इतकी वर्षं तिच्या उशाशी बसून मलाही येऊ लागलंय. कळवलं असतं, तर धडे थांबले असते."

बाईंनी हातातला कागद टेबलावर ठेवला.

"मागच्या महिन्यात तुम्ही लाल शाईनं लिहिलंत, 'अक्षर बिघडलंय, आळस नको.' मला वाटलं, तुम्हाला कळलं. मग तिच्या जुन्या वह्या काढून तिचा 'ळ' गिरवत बसले."

चार महिने बाई नसलेल्या मुलीला रागावत होत्या.

आईनं आता तो कागद उचलला, खालच्या सहीपर्यंत वाचला.

"चार महिने आधी जर..." एवढंच म्हणाली आणि कागदाची घडी घातली.

बाईंनी पिशवीतून विद्यार्थ्यांची यादी काढली. पहिल्याच नावावर पेन टेकवलं. खोडवेना.

"पुढचा धडा पाठवते," त्या म्हणाल्या. "कुणाच्या नावानं पाठवू?"

"तिच्याच, बाई. टपालवाला खालून तिला हाक मारतो. या घरात तिचं नाव आता तेवढंच ऐकू येतं."

बाईंनी यादी तशीच मिटली.