दोन ब्लॉकच्या मधली दरी

मित्रांनो, बसा. पण बसण्याआधी एकदा पायाखाली बघा. निळ्या-लाल पट्ट्यांची, कडेचे धागे सुटलेली, एका कोपऱ्यावर मेणाचा डाग पडलेली जी जुनी सतरंजी दिसते आहे ना, ती मी.

इथे दिल्लीत मला दरी म्हणतात. इथे वाढलेली मराठी मुलंसुद्धा घरी मराठी बोलताना मला दरीच म्हणतात. हिंदीत दरी म्हणजे अंथरायची सतरंजी. मराठीत दरी म्हणजे दोन डोंगरांच्या मधली खोल जागा. एवढ्याशा शब्दापायी काय घडलं ते आज सांगते.

माझा जन्म नागपूरच्या तुरुंगातला. दचकू नका, गुन्हा माझा नव्हता. तिथल्या मागावर दोन कैदी मला विणत. त्यांना नंबरानं हाक मारली जाई, त्यामुळे त्या दोघांची जात कोणती, धर्म कोणता, हे मला आजतागायत कळलेलं नाही. एकाला खोकला होता आणि दुसरा गुणगुणायचा, इतकंच ठाऊक आहे.

रावसाहेबांनी मला तुरुंगाच्या दुकानातून घेतलं. तेव्हा ते केंद्र सरकारच्या एका खात्यात नवे कारकून होते. नागपूरहून दिल्लीपर्यंत त्यांनी मला रेल्वेच्या बाकाखाली आणलं आणि रात्रभर पाय माझ्यावर ठेवून झोपले, कुणी पळवू नये म्हणून. सरकारी वसाहतीत पाचपन्नास मराठी कुटुंबं होती. रावसाहेबांच्या सी ब्लॉकमधल्या लोकांनी चौदा एप्रिलला बाबासाहेबांची जयंती करायचं ठरवलं होतं आणि बसायला काही नव्हतं. पहिल्यांदा मी अंथरली गेले ती जयंतीला. मेणाचा डाग त्याच दिवशीचा.

पाच महिन्यांनी डी ब्लॉकमधले विनायकराव आणि त्यांच्या पत्नी अलकाताई रावसाहेबांच्या दारात उभे राहिले. त्यांना गणपती बसवायचा होता.

"तुमची सतरंजी मिळेल का, रावसाहेब? म्हणजे, चालत असेल तर," अलकाताई चाचरत म्हणाल्या.

"सतरंजीला विचारा, मला काय विचारता?" रावसाहेब म्हणाले. "तिला बसणाऱ्याचं वजन तेवढं कळतं."

अगदी खरं बोलले ते. मला चेहरे दिसत नाहीत, वजनं कळतात.

तेव्हापासून एप्रिलमध्ये जयंती आणि भाद्रपदात गणपती, दोन्हीकडे मीच. रावसाहेब बौद्ध. आरतीला ते उभे राहत, हात जोडत नसत, आणि त्याबद्दल कुणी काही विचारत नसे. आरती संपली की पहिला मोदक अलकाताई त्यांच्याच हातावर ठेवत. जयंतीला बुद्धवंदना सुरू झाली की विनायकराव नुसते गुणगुणत, कारण त्यांना शब्द येत नव्हते. रावसाहेबांची जागा ठरलेली, मागून तिसरा निळा पट्टा. विनायकरावांची जागा त्याच्या बरोबर समोरची.

आता माझं एक गुपित ऐका. मी मोठी आहे. माझी घडी एकट्या माणसाला घालता येत नाही. दोघांनी दोन टोकं धरायची, झटकायची आणि एकमेकांच्या दिशेनं चालत यायचं. ते काम वर्षानुवर्षं रावसाहेब आणि विनायकरावच करत. समोरासमोर आले की रावसाहेब दरवेळी म्हणत, "कोपरे जुळवा, साहेब." विनायकरावांचे कोपरे कधीच जुळत नसत. घडी पडली की तिसरा निळा पट्टा नेमका विनायकरावांच्या जागेवर येऊन टेकायचा.

मग एका वर्षी निवडणुका जवळ आल्या. गणपती मंडळाचा नवा सेक्रेटरी अनुराग हुशार मुलगा. त्यानं कुठूनसा एक पुढारी आणला, सगळे त्याला भैयाजी म्हणत. भैयाजींनी मंडप दिला, स्टेज दिलं, छाती हादरवणारे स्पीकर दिले. बदल्यात फक्त एक फलक लागला. त्यावर गणपती कोपऱ्यात होता आणि भैयाजी मधोमध.

आरतीनंतर भैयाजींनी माइक घेतला. "हाथ ऊपर करके ज़ोर से बोलिए," ते म्हणाले आणि एक घोषणा देऊ लागले. घोषणा देवाच्याच नावाची होती, पण ती देवाला ऐकवायची नव्हती. माझ्यावर बसलेल्यांचे हात वर गेले, तशी सगळ्यांची वजनं हलली. तिसऱ्या निळ्या पट्ट्यावरचं वजन हललं नाही. रावसाहेबांचे हात गुडघ्यावर होते.

"चाचाजी के हाथ नहीं उठ रहे," भैयाजी माइकवरून म्हणाले. "कोई बात नहीं. पहचान तो हो गई."

लोक हसले. मित्रांनो, त्या हसण्यात एक हसू स्टेजवरून आलं. भैयाजींच्या शेजारी बसलेल्या विनायकरावांचं. मोठं नव्हतं, पाहुण्याचं मन राखायला माणूस हसतो तेवढंच. तीस वर्षं मी त्या माणसाचं वजन पेललं होतं, त्याचं हसू मी ओळखणार नाही का?

रावसाहेब उठले, चपला शोधल्या आणि गेले.

दुसऱ्या दिवशी माझी घडी झाली नाही. मंडपवाल्यांनी मला न झटकता, अक्षता आणि चुरमुऱ्यांसकट गुंडाळलं आणि वसाहतीच्या हॉलच्या जिन्याखालच्या खोलीत उभं केलं. माणसांची समजूत असते की उठून गेलं की जागा मोकळी झाली. उठवलेल्या माणसाचं वजन तसं जात नाही.

थंडीत एका सकाळी दाराबाहेर अलकाताईंचा आवाज आला. "अहो, रावसाहेब गेले. पहाटे."

 विनायकराव म्हणाले, "मी जाणारच होतो गं भेटायला. निवडणूक उरकली की."

त्याच सकाळपासून माझ्या तिसऱ्या निळ्या पट्ट्यावर पुन्हा वजन आलं. गुंडाळून उभ्या केलेल्या सतरंजीवर कोण बसणार? पण कुणीतरी बसलं होतं, हात गुडघ्यावर ठेवून. दिवसभर असायचं. काही मागायचं नाही, बोलायचं नाही. चुरमुऱ्यांच्या वासानं येणाऱ्या उंदरांनीही मला त्या जागी कुरतडलं नाही. मी घाबरले होते, खोटं कशाला सांगू? वजनाची नव्हे. ते आता कधीच उतरणार नाही, याची.

एप्रिल उजाडला आणि दार उघडलं. विनायकराव आणि अनुराग भैयाजींचा फलक ठेवायला आले होते. पाठोपाठ लहान पावलं आली. रावसाहेबांची नात लुंबिनी, सहावीतली.

"विनायक आजोबा, आबांची दरी पाहिजे. चौदा तारखेला."

"बेटा, हॉल नाही मिळणार," अनुराग म्हणाला. "मी धम्मपालभाईंना सांगितलंय, तुझ्या बाबांना. आत्ताच इलेक्शन झालंय, पॉलिटिकल प्रोग्रॅम नकोत म्हणून कमिटीनं ठरवलंय."

"गणपतीत तर तुमचे ते अंकल भाषण देत होते."

"ते कल्चरल होतं, यार."

"अच्छा," लुंबिनी म्हणाली. मुलांचं अच्छा कधीकधी फार जड असतं. "हॉल नकोच आहे. आम्ही लॉनमध्ये करतोय. फक्त दरी द्या."

"दरी नाही गं, सतरंजी म्हणावं," विनायकराव म्हणाले.

"तेच ते. आणि ही नोटीस चेक करून द्या ना. माझं मराठी आबा चेक करायचे."

विनायकरावांनी खिशातलं पेन काढलं. कागद हातात घेऊन ते मोठ्यानं वाचू लागले. "चौदा एप्रिल, सकाळी दहा वाजता. आपल्या सी ब्लॉक आणि डी ब्लॉकच्या मध्ये दरी आहे." ते थांबले. मग पुढचं अगदी हळू वाचलं. "फार मोठी आहे. सगळे मावतील."

अनुराग हसायला लागला आणि त्याचा तोच थांबला.

"काय चुकलं?" लुंबिनीनं विचारलं.

पेनचं टोपण उघडल्याचा आवाज आला होता. आता ते बंद झाल्याचा आला. "काही नाही चुकलं," विनायकराव म्हणाले. "असंच लाव."

चौदा तारखेला मी लॉनच्या उन्हात पसरले. कितीतरी दिवसांनी अंग मोकळं झालं. सी ब्लॉकची माणसं आली. डी ब्लॉकमधून अलकाताई आल्या, हातात झाकलेलं ताट होतं. आणखी तीन-चार जण बिचकत आले आणि कडेला टेकले. विनायकराव आले नाहीत. लुंबिनीनं भाषण केलं. मधेच एक शब्द आठवेना म्हणून ती सवयीनं तिसऱ्या निळ्या पट्ट्याकडे वळली आणि तशीच थांबली. तिथे कुणी बसलं नव्हतं. सगळ्यांना ती जागा रिकामी वाटत होती. मला वाटत नव्हती.

कार्यक्रम संपला. लुंबिनीनं माझं एक टोक उचललं, दुसरं गवतावर पडून राहिलं. "मम्मा, पकडा ना कुणीतरी," ती म्हणाली. तिची आई खुर्च्या आवरत होती. तेवढ्यात दुसरं टोक वर गेलं. ते हात मी ओळखले. तितकेच बेतानं धरणारे, तितकेच वाकडे. विनायकराव बहुधा कधीचे झाडामागे उभे होते.

दोघांनी मला झटकलं. भाद्रपदातल्या अक्षता गवतावर उडाल्या. मग ते एकमेकांच्या दिशेनं चालत आले.

"लुंबिनी, तुझे आबा त्या दिवशी उठून गेले ना," विनायकराव म्हणाले, "तेव्हा मी हसलो होतो."

लुंबिनीनं आपलं टोक त्यांच्या टोकाशी आणलं.

"आबांनी सांगितलं होतं," ती म्हणाली. मग त्यांच्या हातांकडे बघून, "आजोबा, कोपरे जुळवा."

त्यांनी कोपरा सोडून पुन्हा धरला. या वेळी कोपरे जुळले. घडी पडली आणि तिसरा निळा पट्टा विनायकरावांच्या जागेवर येऊन टेकला. वजन तिथेच होतं. अजूनही आहे. फक्त आता ते मी एकटी पेलत नाही.

येत्या भाद्रपदात फलक लागेल की नाही, मला माहीत नाही. मी सतरंजी आहे, कमिटी नाही. पण मित्रांनो, माझ्यावर बसाल तेव्हा कुणाचे हात वर गेले नाहीत ते मोजू नका. आणि उठाल तेव्हा मला नुसतं गुंडाळून टाकू नका. माझं एक टोक धरा, समोर बघा, आणि दुसरं टोक गवतावर पडलेलं दिसलं तर घडी तशीच राहू द्या. आधी जाऊन ते टोक धरणाऱ्या माणसाला बोलावून आणा. तो असेपर्यंत.