तीन बोटं

मुकादमनं उभ्या जन्मात एक वीट रचली नव्हती, की कुणाला मजुरीला लावलं नव्हतं. पण लग्नानंतर आठच दिवसांत नवऱ्यानं तिला हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं, की लेकीनं एकदा शाळेच्या फॉर्मवर आईच्या नावापुढे तेच लिहून दिलं होतं. नाव खोटं नव्हतं. घरात कुणी कधी उठायचं, कुणी किती जेवायचं, आजारी पडायचं तर किती दिवस, हे तीच ठरवायची. नवऱ्याला ताप आला आणि डॉक्टरांनी त्याला विचारलं, "कसं वाटतंय?" की उत्तर हिचं, "काही झालेलं नाही त्यांना. परवा कामावर जातील." आणि तो बापडा परवा कामावर जायचा.

काम लिफ्ट दुरुस्तीचं. छत्तीस वर्षं त्यानं अख्ख्या गावाला वर चढवलं आणि स्वतः राहिला बिनलिफ्टच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. चोपन्न पायऱ्या. अवजारांची पिशवी खांद्यावर टाकून तो त्या शीळ घालत चढायचा. पहिल्या मजल्यावर शीळ ऐकू आली की मुकादम चहाचं आधण ठेवायची.

मग दोन वर्षांत दोनदा त्याच्या हृदयानं दगा दिला. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी कागदावर हृदय काढून दाखवलं आणि सांगितलं, हा स्नायू थकलाय, आता तो कधीच पूर्वीसारखा होणार नाही. पण औषधं वेळेवर घेतली आणि बेताबेतानं व्यायाम केला तर आहे त्या हृदयावर माणूस बरीच वर्षं काढतो. मात्र सध्या जिना बंद. म्हणून दवाखान्यातून दोघं थेट लेकीच्या घरी आली. तळमजला, दोन खोल्या.

आणि तिथंच मुकादमचं बिनसलं. जावई वाईट असता तर एक कडाक्याचं भांडण करून ती मोकळी झाली असती. पण तो मेला देवमाणूस. रोज संध्याकाळी विचारायचा, "आई, चहा घेणार?" तिच्या घरात हा प्रश्न ती विचारायची, तिला कुणी विचारत नसे. दुसरीच्या ओट्यापुढं उभं राहून, "अगं, मीठ कुठं ठेवलंयस?" असं तिला पोटच्या पोरीला विचारावं लागायचं. "मला माझ्या घरी जायचंय," ती म्हणाली. लेक आईवरच गेलेली. "बाबांच्या व्यायामाचे बारा आठवडे होऊ देत. शेवटी जिना चढवून बघणार आहेत. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं तर जा. नाहीतर तिसऱ्या मजल्याचं नाव काढायचं नाही."

झालं. त्या दिवसापासून मुकादमला एकच ध्यास. कागद.

व्यायामाचा हॉल दवाखान्याच्या मागच्या अंगाला होता. चालायचे दोन सरकते पट्टे, तीन सायकली, भिंतीशी खुर्च्यांची रांग. सगळे हृदयाचेच रोगी. नातेवाइकांनी बाहेरच्या बाकावर बसायचं असा नियम होता. मुकादम पहिल्याच दिवशी आत आली, दाराजवळची खुर्ची ओढून बसली आणि पुन्हा तिला उठवायची कुणाची छाती झाली नाही.

व्यायाम शिकवणाऱ्या बाई तरुण होत्या, लेकीहून लहान. त्यांनी भिंतीवरचा तक्ता दाखवला. शून्य ते दहा. शून्य म्हणजे आरामात बसलोय, दहा म्हणजे आता जीव जातो.

"काका, मी मधूनमधून विचारणार, दम किती लागलाय? तुम्ही आकडा सांगायचा. तीन-चारच्या आसपास राहायचं. पाच झाला की लगेच बोलायचं."

"हे यंत्राला कळत नाही होय? एवढ्या वायरी डकवल्यात ते!" मुकादम खुर्चीतून म्हणाली.

"सगळं नाही कळत, काकू. काकांच्या गोळ्या अशा आहेत की त्या नाडीला फार पळू देत नाहीत. दम लागला तरी नाडी गप्पच. म्हणून तर माणसालाच विचारायचं. काका खरं सांगतील तेवढंच मला कळणार."

मुकादम दुसरीत शाळा सोडलेली. अक्षरांशी तिची झटापट चालायची, पण आकडे चोख. तीन-चार म्हणजे गडी चांगला चाललाय, हे तिनं पक्कं ध्यानात ठेवलं.

दुसऱ्या आठवड्यात ते पहिल्यांदा घडलं. तो पट्ट्यावर चालत होता. बाईंनी विचारलं, "काका, किती?" त्यानं तोंड उघडलं आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं त्याची नजर आधी बायकोकडे गेली. बाई यंत्राकडे बघत होत्या. मुकादमनं मांडीवरच्या पिशवीआडून तीन बोटं वर केली.

"तीन," तो म्हणाला.

"वा! मग थोडा वेग वाढवू या."

शेजारच्या सायकलीवर बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब होते. त्यांना ती बोटं दिसली, पण त्यांना वाटलं नवराबायकोची गंमत असेल. "आमच्या घरी असा मुकादम असता तर मी एव्हाना डोंगर चढलो असतो," ते म्हणाले.

"आधी सायकल चढा नीट. पायांपेक्षा तोंडच जास्त चालतंय तुमचं."

हॉल हसला. तोही हसला, पण पट्ट्याची कड दोन्ही हातांनी गच्च धरून.

मग तो रिवाजच झाला. बाई विचारणार, तो बघणार, पिशवीआडून बोटं निघणार. कधी तीन, कधी फारच तोंड उतरलेलं दिसलं तर चार. बाई तेवढ्यावरून वेग ठरवणार. मुकादमच्या मनात पाप नव्हतं. तिला खरंच वाटत होतं, की हा माणूस मुळात भित्रा. याला "तुला काही झालेलं नाही" असं ठणकावून सांगितलं की याला काही होत नाही. आजवर तसंच तर झालं होतं.

सातव्या आठवड्यात एका उशीच्या दोन उश्या झाल्या. दुपारी आडवा झाला की त्याला खोकला यायचा, मग तो उठून बसायचा. आठव्या आठवड्यात मुकादमनंच सोफ्यावरची तिसरी उशी आणून त्याच्या पाठीशी खोचली. "उश्या चपट्या झाल्यात पोरीच्या," ती म्हणाली. त्याच्या मोज्यांच्या कडा पोटरीत रुतायला लागल्या. मोजा काढला की खोल खाच पडलेली दिसायची आणि ती चहा पिऊन होईपर्यंत भरायची नाही. मुकादमनं एक नंबर मोठे मोजे आणले. बाई दर खेपेला विचारायच्या, पाय सुजतात का, झोपताना उश्या किती लागतात. तो बायकोकडे बघायचा आणि मुकादम सांगायची, "एक उशी. पाय छान आहेत."

नवव्या आठवड्यात तिला धीर धरवेना. तीनच आठवडे राहिले होते. नवऱ्याला रिक्षातून व्यायामाला धाडून ती आपल्या घरी गेली. चोपन्न पायऱ्या चढली, कुलूप काढलं, खिडक्या उघडल्या, पडदे भिजत घातले, पलंग झटकला. आपल्या डब्यातलं आपलं मीठ न विचारता बोटावर घेऊन चाखलं आणि एकटीच हसली. या नादात तिला हॉलवर पोचायला उशीर झाला.

दार अर्धवट लोटलेलं होतं. आतून पट्ट्याची घरघर आणि बाईंचा आवाज आला.

"काका, आज काकू नाहीत. तक्त्याकडे बघा आणि तुमचा आकडा सांगा."

"सात."

"हा सगळ्यात कमी वेग आहे, काका. परवा याच्या दुपटीला तीन म्हणालात."

"परवा ती होती."

घरघर थांबली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मुकादमचा हात दारावर तसाच राहिला.

"कधीपासून असं?"

"खरं सांगू? तीन कधी नव्हतंच गं." तो एकेका शब्दाला थांबत बोलत होता. "एका इमारतीत काय झालं होतं… लिफ्टमध्ये ओझं जास्त झालं की घंटा वाजते. कुणीतरी उतरेपर्यंत लिफ्ट हलत नाही. तिथल्या राखणदारानं घंटेला चिंधी बांधली आणि लिफ्ट हलेल अशी तार जोडली. लोकांची कटकट नको म्हणून. मी शिव्या घातल्या त्याला, चारचौघांत. आणि आता बघ. मीच चिंधी बांधून हिंडतोय."

"का पण, काका?"

"तिला वर जायचंय. आमच्या घरी ती मुकादम आहे. लेकीकडे ती मीठ कुठंय ते विचारते. माझ्यानं ऐकवत नाही ते." तो थांबला. मग हसल्यासारखा आवाज आला. "म्हटलं, एकदाच तर चढायचंय. उतरायचं कुणाला आहे?"

मुकादमनं दार ढकललं. पदराला घरची धूळ तशीच होती. साहेबांची सायकल थांबली. ती नवऱ्याकडे न बघता बाईंच्या समोर जाऊन उभी राहिली.

"उश्या तीन लागतात," ती म्हणाली. "एक नाही. पाय सुजतात. मोजे मी बदलले. आणि बोटं मी दाखवत होते. तिथून. पिशवीआडून."

"अगं, एवढ्या लोकांसमोर कशाला," तो पुटपुटला.

"तुम्ही गप्प बसा," ती सवयीनं म्हणाली आणि म्हणता म्हणताच तिचं तोंड मिटलं.

बाईंनी खाली बसून त्याचा मोजा सरकवला, नडगीवर अंगठा दाबला आणि त्या खाचेकडे बघत राहिल्या. उठल्या आणि डॉक्टरांना फोन लावला. त्या पोरीनं दोन थोबाडीत मारल्या असत्या तर मुकादमला बरं वाटलं असतं.

त्याच्या छातीत पाणी साठलं होतं. नऊ दिवस तो दवाखान्यात होता. पाणी उतरलं, खाचा भरल्या, खोकला गेला. पण हृदयाची ताकद जी आणखी खाली गेली ती वर आली नाही. डॉक्टरांनी पुन्हा कागदावर चित्र काढलं. "जिना आता विसरा," ते म्हणाले. "दिवस किती, ते मी सांगू शकत नाही. फार नाहीत."

"मी खरं सांगितलं असतं, तर हे टळलं असतं?" मुकादमनं विचारलं.

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "सांगता येत नाही. कदाचित असंच झालं असतं. कदाचित नसतं."

हो म्हणाले असते तर तिनं कपाळ बडवून घेतलं असतं. नाही म्हणाले असते तर देवाला हात जोडले असते. या दोन्हींच्या मधलं जे होतं ते घेऊन ती घरी आली. कुठं ठेवावं ते तिला कळेना.

व्यायाम सुटला नाही. बाईच म्हणाल्या, बसल्या बसल्या करू, उरलंय तेवढं सुखानं जावं म्हणून. तो खुर्चीत बसून एक पाय उचलायचा, मग दुसरा. मग एक मिनिट चालणं, दोन मिनिटं बसणं. बाई आकडा विचारायच्या आणि तो तक्त्याकडे बघून सांगायचा. पाच. सहा. आज चार, वा काका. मुकादमला हे बाहेरून ऐकू यायचं. ती आता बाकावर बसायची, इतर बायकांबरोबर. तिला तसं कुणी सांगितलं नव्हतं. साहेब एकदा मुद्दाम दारात येऊन म्हणाले, "मुकादमबाई, आत या की. तुम्ही नसलात की सायकल जड जाते." तिनं नुसती मान हलवली. आणि ती बाकावरच बसून राहिली.

वरचं घर सोडायचं ठरलं. तेही तिनंच ठरवलं. शेवटच्या दिवशी ती एकटीच गेली. जावई येतो म्हणाला, त्याला नको म्हणाली. खाली उभी राहून तिनं जिन्याकडे पाहिलं. दर नऊ पायऱ्यांनी एक वळण. दर वळणाला ती थांबली आणि मनात आकडा म्हणाली, बाईंनी शिकवला होता तसा, खराखुरा. दुसऱ्या मजल्यावर सात झाला. तेव्हा तिला कळलं, सात काय असतो ते. छातीत कुणीतरी मूठ आवळतं आणि तोंड उघडं राहतं. हा माणूस त्या सातावर चालत होता आणि ती समोर बसून तीन बोटं नाचवत होती.

तिनं मिठाचा डबा घेतला, त्याची अवजारांची पिशवी घेतली, कुलूप लावलं आणि किल्ली मालकाच्या दारात देऊन टाकली.

लेकीच्या घरी तो खिडकीपाशी तीन उश्यांना टेकून बसला होता. ती आत आली, पिशवी खाली ठेवली, चपला काढायलाही वाकली नाही. भिंतीला हात टेकून उभी राहिली.

"चढताना किती झाला?" त्यानं विचारलं.

"कुठं काय. रोजचाच तर जिना आहे, मला काय धाड भरलीय…"

बोलता बोलता तिनं वर पाहिलं. त्यानं चादरीवरून हात उचलला होता. तीन बोटं वर केली होती आणि तो हसत होता. त्यात टोमणा असता तर तिनं सोसला असता. टोमणा नव्हता. बायकोला सोपं जावं म्हणून तो तिला उत्तर सांगत होता, इतकंच.

ती पलंगापाशी गेली. तिनं ती तीन बोटं धरली आणि एकेक करून मिटवली. मूठ आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरली.

"दहा," ती म्हणाली.

"मग बस की," तो म्हणाला. "दहाला थांबायचं असतं."

आणि आयुष्यात पहिल्यांदा, तो म्हणाला म्हणून, मुकादम बसली.