तिखट लागलेलं कालवण

ताट भिंतीवर आदळलं. हळदीचं पिवळं कालवण भिंतीवरून खाली ओघळलं.

"माजा तोंड जलतंय!" धर्मराज ओरडला. "तुला कवरे येला, शंभरदा सांगला, मिरची कमी टाक!"

रबाळे गावातल्या त्या तीनमजली घरात १९९६ साली हे रोजचंच झालं होतं. भातशेती कारखान्यांसाठी गेली, तेव्हा मिळालेल्या पैशातून धर्मराजनं हे घर बांधलं आणि वरच्या खोल्या भाड्यानं दिल्या. हाताला काम उरलं नाही. तोंडाला मात्र दिवसभर काम होतं. डोळे उघडले की गुटख्याची पहिली पुडी, आणि झोपतानाही गालात गुटखा. जेवण तिखट लागतं ते बायकोमुळे, अशी त्याची पक्की समजूत होती.

"अवो, मिरची टाकलीच नाय..." पुतळा म्हणाली.

पुढचं बोलू न देता त्यानं तिच्या कानाखाली मारली. ती तोल जाऊन पडली आणि पाट्याची कड तिच्या कपाळात घुसली. रक्ताची धार डोळ्यात उतरली. त्यांची दहा वर्षांची मुलगी निशिगंधा किंचाळत वर गेली आणि भाडेकरू मीनाताईंना ओढतच घेऊन आली. मीनाताई सरकारी रुग्णालयात परिचारिका होत्या.

त्यांनी पुतळाच्या कपाळावर फडकं घट्ट दाबून धरलं. "टाके पडणार. रिक्षा बोलवा, शेठ! काय गुन्हा केला हिनं?"

"कालवनात आग टाकते ती!"

मीनाताईंनी टोपातलं कालवण बोटानं चाखलं. त्या चकित झाल्या. "शेठ, ह्यात मिरचीच नाही!"

"आई दोन महिने टाकतच नाय," निशिगंधा हुंदके देत म्हणाली. "आमी पन आजाऱ्याचाच जेवन जेवतो."

"म्हंजे मी खोटारडा काय?" धर्मराजचा हात मीनाताईंवर उठला.

त्या जागच्या हलल्या नाहीत. "मारायचं तर मारा. पण आधी तोंड उघडून दाखवा. तीन बोटं उभी, एकावर एक, दातांच्या मध्ये घाला. ही पोरगी घालते बघा."

निशिगंधाची तिच्याच हाताची तीन बोटं सहज गेली. धर्मराज कुत्सित हसला आणि त्यानं आपली बोटं तोंडाशी नेली. दोन कशीबशी आत गेली. तिसरं जाईना! त्यानं रागानं रेटलं, तसं ओठाच्या कोपऱ्यातून रक्त आलं. त्याचं हसू मावळलं.

"मीनाताय, ह्या काय झाला?"

"कालवण नाही, तुमचं तोंड जळतंय. गुटख्यानं गाल आतून कडक होत जातो. मग साधं अन्नही झोंबतं, तोंड उघडेनासं होतं. दुर्लक्ष केलं तर पुढे कॅन्सर होऊ शकतो."

"पन दुखत तं नाय!"

"तिथंच माणूस फसतो! सुरुवातीला बहुधा दुखत नाही. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, ह्यातलं काहीही दिसलं की लगेच डॉक्टर गाठायचा. दुखायची वाट बघायची नाही."

एकाच रिक्षातून नवराबायको रुग्णालयात गेले. पुतळाला चार टाके पडले. धर्मराजच्या गालाच्या आतला छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला. अहवालाच्या धास्तीनं आठवडाभर त्याला अन्न गेलं नाही. अहवाल आला, कॅन्सर नव्हता! पण डॉक्टरांनी बजावलं, "वेळेवर आलात. गुटखा आज, ह्या क्षणी बंद. तोंड पूर्वीइतकं उघडणार नाही, आणि तपासणी कधीच चुकवायची नाही."

रुग्णालयाच्या पायरीवर धर्मराज बसला. "पुतळे, चुकलो. तुजा काय गुना नव्हता."

"अन् मिरची टाकली असती तं?" पुतळानं विचारलं. "तं मारायचा व्हता काय?"

तिनं कपाळावरची टाक्यांची खूण त्याच्यापुढे धरली.

"तोंडाचा इलाज डाक्टर करतील. हाताचा तुमीच करा. नायतं मी पोरीला घेऊन जाते."

धर्मराजनं खिशातली पुडी काढून गटारात टाकली. पहिले पंधरा दिवस फार कठीण गेले. गुटख्यावाचून त्याचं डोकं फिरायचं. तसं झालं की तो उठून खाडीच्या बांधावर चालायला जायचा आणि शांत झाल्यावरच घरी यायचा. पुडी सुटली. हात तर पुन्हा उठलाच नाही.

वाचकहो, तंबाखू, गुटखा, मिश्री ह्यांतलं काहीही तोंडाला निरुपद्रवी नाही. आपल्या घरात कुणाला जेवण अकारण झोंबत असेल, तर स्वयंपाकाला नावं ठेवू नका. त्याला आजच डॉक्टरांकडे न्या. आणि शरीराचं दुखणं कितीही मोठं असो, त्याचा राग दुसऱ्यावर काढायचा हक्क कुणालाच नाही!