गाळ आणि गाळी

मी एक जुना दोरखंड आहे. मित्रांनो, रीत म्हणून तुम्हाला मित्र म्हणतो. बाकी माणसांवर माझा राग आहे आणि तो जाणारही नाही.

कानडी मुलखातल्या आनेकलकडच्या बांधांवरल्या घायपातापासून मला वळले. तिथल्याच यशवंतपूरच्या एका कारखान्याने मला विकत घेतले, ते जमिनीखालच्या टाकीत उतरणाऱ्याच्या कमरेला बांधायला. पण बांधले कशाला? पिंपांना, पेट्यांना, एकदा तर साहेबांच्या बंद पडलेल्या मोटारीला! तेव्हा मात्र माझी केवढी वाहवा झाली.

अठ्ठावन्न साली कोल्हापूरकडचा कृष्णात मुकादम म्हणून आला. कानडीचे चार शब्द शिकला होता आणि ऐट पंडिताची. टाकी उपसायला कल्लाप्पा उतरणार होता. तो बेळगावकडचा, घरी कानडी बोले, मुकादमाशी मराठी. त्याची बायको कस्तुराबाई गाळाच्या पाट्या वाहत होती.

"मुकादम, दोर कमरेला बांधा की," कल्लाप्पा म्हणाला.

"बांधायला तू काय म्हैस हाईस? बादलीला लागतोय त्यो!" कृष्णात खेकसला. पाट्या वाहणारे सगळे मजूर हसले. त्या हसण्याचीही मला चीड आहे.

कल्लाप्पा शिडीने उतरला. मजूर पाट्या घेऊन लांब गेले होते, वर मुकादम एकटाच होता. गाळ ढवळला तसा त्यातून विषारी वायू सुटला. जीव घाबरा झाला की माणसाला घरचीच भाषा सुचते. "गाळी इल्ला! गाळी इल्ला!" तो ओरडला आणि त्याने मला धरले.

"गाळ इल्ला म्हणतोय. संपला वाटतं," म्हणत कृष्णातने खुशीत बादली वर ओढली. कल्लाप्पाच्या मुठीतून मी सुटलो.

नवऱ्याचा आवाज ऐकून कस्तुराबाई पाटी ओतून धावत आली. "काय म्हणाले?" तिने विचारले. उत्तर ऐकताच ती किंचाळली, "गाळी म्हंजे हवा! आत हवा न्हाई म्हणालेत ते!"

कृष्णात तसाच आत झेपावला. तिने त्याचा सदरा पकडला. "दोर बांधून जावा! तुमी बी मरशीला!"

शेवटी मी माणसाच्या कमरेला बसलो, तोही मुकादमाच्या. अर्ध्या शिडीवरच त्याची शुद्ध हरपली. परतलेल्या चौघा मजुरांनी ओढले, मी तुटलो नाही, तो वाचला. कल्लाप्पाला बाहेर काढेपर्यंत त्याचा जीव गेला होता.

पुढच्या दसऱ्याच्या आयुधपूजेला कृष्णातने मला हार घातला आणि रडला. मला तो हार टोचला.

मित्रांनो, टाकीत उतरण्याआधी आतली हवा तपासा. माझी गाठ आधी माणसाला मारा. वर उभ्या असलेल्याला खालच्याची हाक कळते का, तेही विचारा. त्या दिवशी माझ्या अंगात दोघांनाही ओढायची ताकद होती.