कोंडलेल्या महादेवाच्या गोगलगायी

आमचा लातूर जिल्हा नवाकोरा झाला, पण पाऊस बहुधा जुन्या जिल्ह्यातच राहून गेला. त्याही वर्षी मृग कोरडा गेला, तेव्हा गावानं महादेव कोंडला. म्हणजे गाभाऱ्याची मोरी चिंध्या-मातीनं बुजवायची, घरटी एक घागर ओतायची आणि पिंड पाण्यात बुडवून ठेवायची. देवाचा जीव घुसमटला की तो पाऊस पाडतो म्हणे. माणसांना प्यायला नाही आणि देवाला डोक्यावरून पाणी! मला संताप आला होता. पण घागर मीही ओतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात आरडाओरडा. गाभाऱ्याच्या काळ्या दगडांवर गोगलगायी चढत होत्या. ज्वारीच्या दाण्याएवढ्या, जिकडं बघावं तिकडं. ही बारीक जात आमच्याकडं दगडांच्या सांधीत, चुन्याच्या आडोशाला राहते. उन्हाळाभर तोंडावर पापुद्रा ओढून अशी निपचित पडते की मेलीच म्हणावं. पाऊस लागला की बाहेर येते, एरवी नाही. हे गावात सगळ्यांना माहीत.

"निघाल्या म्हंजी पाणी आलंच," शेषेराव म्हणाले. गावातले सगळ्यात वयस्कर तेच. "व्यंकटी, काय बघायलास? धूळपेरणी करून घे."

व्यंकटी म्हणजे आमचे मालक, माझे यजमान. ते तसेच घरी आले आणि बैल सोडायला लागले. धूळपेरणी म्हणजे कोरड्या मातीत बी टाकून पावसाची वाट बघायची. आला तर सगळ्यांच्या आधी पीक, नाही आला तर बी मुंग्यांच्या घरात. आमच्याकडं बियाण्याची एकच थैली उरली होती. पोटाला चिमटा काढला, पण तिला हात लावला नव्हता.

माझं मात्र काहीतरी अडत होतं. सभामंडपाची भिंत त्याच दगडाची, तिथं एकही गोगलगाय नव्हती. देवळाबाहेर नव्हती. फक्त पाणी भरलं होतं तिथंच.

"ओ, त्या आपल्याच पाण्यानं उठल्या असतील," मी म्हटलं.

"तुला लई कळतं! मुक्या जीवाला पाऊस आधी कळतो."

मी तांब्याभर पाणी घेतलं आणि परसातल्या दगडमातीच्या गडग्यावर, कुंपणाच्या भिंतीवर ओतलं.

"येडी झालीस का? पाणी कशाला सांडायलीस?"

"थांबा की जरा."

बऱ्याच वेळानं सांधीतून एक शिंग निघालं, मग दुसरं, मग ती अख्खी बाहेर आली.

"बघा," मी म्हटलं.

"बघ!" तेही म्हणाले. "इथंबी निघाली. आता तर पाऊस नक्की!"

मी दाखवलं काय आणि यांनी पाहिलं काय! मग माझंच मन डळमळलं. त्यांचंच खरं असेल तर? पाऊस आला आणि माझ्यामुळं पेरणी राहिली तर? डोक्याचं नुसतं भजं झालं. शेवटी भिंतीतल्या ओल्या ढेकळासकट ती गोगलगाय पदरात बांधली आणि त्यांच्या मागं शेतात गेले.

आमच्याकडं पेरणीची तिफण पुरुषानं हाकायची आणि चाड्यावर मूठ बाईनं धरायची. चाडं म्हणजे तिफणीवरची लाकडी वाटी. मूठ ढिली केली की बी त्यातून नळ्यांवाटे मातीत जातं. मालकांनी बैल जुंपले. मी मूठ भरून चाड्यावर धरली आणि दुसऱ्या हातानं पदराची गाठ सोडून पाहिली. ढेकूळ उन्हानं वाळून भुगा झालं होतं. गोगलगाय पुरती आत शिरली होती आणि तोंडावर पातळ पापुद्रा धरू लागला होता.

"सोड मूठ," मालक म्हणाले.

मला रडूच फुटलं. "ही आपल्या पाण्याला फसली ती परत आत गेली ओ. दाणा एकदा मातीत गेला तर त्याला परत आणता येतंय का?"

ते मागं आले. पदरात वाकून पाहिलं, वर आभाळाकडं पाहिलं. शेजारच्या रानात शेषेरावांची तिफण चालू होती, तिकडंही पाहिलं.

"मग खरं काय गं?" त्यांनी विचारलं.

"मला न्हाई माहीत."

मग खाली बसून त्यांनी थैलीचं तोंड बांधून टाकलं. माझी मूठ मात्र घरी येईपर्यंत उघडली नाही.